ग्रेस हॉपर

ग्रेस ब्रूस्टर मरे हॉपर (९ डिसेंबर १९०६, न्यू यॉर्क – १ जानेवारी १९९२, आर्लिंग्टन, व्हर्जिनिया) या अमेरिकन गणितज्ञ, संगणकशास्त्रज्ञ आणि अमेरिकेच्या नौदलातील अधिकारी होत्या. संगणकाला वारंवार लागणारी गणिते एकदाच बिनचूक लिहून ती एका सामायिक संग्रहात ठेवावीत आणि हवी ती गणिते त्या संग्रहातून निवडून जोडण्याचे काम संगणकानेच करावे, ही कल्पना प्रत्यक्षात उतरवणाऱ्या पहिल्या काही व्यक्तींमध्ये त्यांची गणना होते. आजच्या प्रत्येक संगणकभाषेसोबत प्रमाण लायब्ररी, कंपायलर आणि लिंकर असा जो साधनसंच येतो, त्याच्या आरंभकाळाशी हॉपर यांचे नाव जोडलेले आहे. ए-० ही प्रणाली, फ्लो-मॅटिक ही भाषा आणि कोबोल या भाषेच्या जडणघडणीतील व प्रमाणीकरणातील सहभाग ही त्यांची प्रमुख कामे होत.

बालपण व शिक्षण

वॉल्टर फ्लेचर मरे आणि मेरी कॅम्पबेल व्हॅन हॉर्न या दांपत्याच्या तीन अपत्यांपैकी ग्रेस या थोरल्या. त्यांचे पणजोबा अलेक्झांडर विल्सन रसेल हे नौदलात ॲडमिरल होते आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात मोबाइल उपसागराच्या लढाईत लढले होते. सात वर्षांच्या असताना गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी ग्रेस यांनी घरातील सात घड्याळे एकामागून एक उघडून ठेवली. आईने त्यांचे कुतूहल मोडून काढले नाही. यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करावेत, एवढीच अट घातली.

सोळाव्या वर्षी व्हॅसर महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत लॅटिनमध्ये कमी गुण पडल्याने त्यांचा प्रवेश हुकला. पुढच्या वर्षी तो मिळाला आणि १९२८ मध्ये गणित व भौतिकशास्त्र या विषयांत त्या पदवीधर झाल्या. १९३० मध्ये येल विद्यापीठाची एम.ए. आणि १९३४ मध्ये त्याच विद्यापीठाची गणितातील पीएच.डी. त्यांनी मिळवली, ऑइस्टीन ओरे हे त्यांचे मार्गदर्शक होते. १९३० मध्येच त्यांचा विवाह व्हिन्सेंट फॉस्टर हॉपर यांच्याशी झाला. १९४५ मध्ये दोघांचा घटस्फोट झाला, तरी हॉपर हे आडनाव त्यांनी अखेरपर्यंत ठेवले.

१९३१ पासून त्या व्हॅसरमध्ये गणित शिकवत होत्या. संभाव्यताशास्त्राच्या वर्गात त्या विद्यार्थिनींना गणिती विषयावर निबंध लिहायला लावत आणि त्यातील भाषेच्या स्पष्टतेलाही गुण देत. हा गणिताचा तास आहे, इंग्रजीचा नव्हे, अशी विद्यार्थिनींची तक्रार असे. जे गणित दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही त्याचा उपयोग काय, असे हॉपर यांचे त्यावर म्हणणे असे. पुढे संगणकाशी कोणत्या भाषेत बोलावे या प्रश्नाकडे त्या गणितज्ञाइतक्याच शिक्षिकेच्या नजरेने पाहत राहिल्या, याचे मूळ या वर्गात दिसते.

नौदल आणि मार्क-१

अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर हॉपर यांनी नौदलात जाण्याचे ठरवले. वय जास्त, वजन ठरलेल्या किमान १२० पौंडांपेक्षा १५ पौंडांनी कमी आणि गणिताची शिक्षिका म्हणून त्यांचे नागरी काम युद्धोपयोगी, अशा तिन्ही बाजूंनी त्यांच्या वाटेत अडचणी होत्या. वजनाच्या अटीतून सूट मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या महिला राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात पहिला क्रमांक मिळवून जुलै १९४४ मध्ये त्या हार्वर्ड विद्यापीठात नौदलाच्या गणनप्रकल्पावर रुजू झाल्या. प्रकल्पाचे प्रमुख हॉवर्ड एकेन हे कडक शिस्तीचे गृहस्थ होते. आर्कटँजंट या फलाच्या अंतर्वेशनाचे गुणांक आठवडाभरात काढून देण्याचे काम त्यांनी पहिल्याच दिवशी हॉपर यांच्यापुढे ठेवले.

ज्या यंत्रावर हे करायचे होते तो मार्क-१ सुमारे ५१ फूट लांब आणि ८ फूट उंच होता. त्याचे वजन सुमारे ५ टन होते. एका सेकंदात तो तीन बेरजा करी. गुणाकाराला सुमारे सहा सेकंद लागत. आज्ञा छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून दिल्या जात. रॉबर्ट कॅम्पबेल आणि रिचर्ड ब्लॉक यांच्याबरोबर हॉपर या यंत्राच्या पहिल्या प्रोग्रामरपैकी एक ठरल्या. एकेन यांच्या आदेशावरून त्यांनी यंत्राची माहितीपुस्तिका लिहायला घेतली. पाचशेहून अधिक पानांचा हा ग्रंथ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला.

ज्या कल्पनेमुळे हॉपर आज ओळखल्या जातात तिचे बीज हार्वर्डमधील साध्या वह्यांत आहे. साइन, कोसाइन, घातांक अशा फलांसाठीचे आज्ञांचे तुकडे प्रत्येक प्रोग्रामर आपल्या वहीत उतरवून ठेवी आणि गरज पडली की एकमेकांच्या वहीतून नक्कल करून घेई. नक्कल करताना चुका होत. बरोबर चाललेला तुकडा दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये गेला की बिघडे. युद्धकाळात अशी एक चूक शोधण्यात दिवस जात आणि तेवढे दिवस नौदलाची गणिते खोळंबत.

पतंगाची गोष्ट

९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-२ या यंत्राच्या एका रिलेमध्ये पतंग अडकलेला सापडला. तो नोंदवहीत चिकटवून त्याखाली विनोदाने नोंद करण्यात आली. ही वही आज वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. प्रोग्राममधील दोषाला 'बग' म्हणण्याची प्रथा हॉपर यांनी सुरू केली असे सर्रास लिहिले जाते. ते खरे नाही. यंत्रातील दोषाला बग म्हणण्याची रीत एडिसनच्या काळापासून होती आणि पतंगाखालील नोंदीतला विनोद त्यामुळेच सुचला. पतंग हॉपर यांनी स्वतः शोधला, असेही नव्हे. मात्र ही गोष्ट त्यांनी पुढे अनेक व्याख्यानांतून इतकी रंगवून सांगितली की ती त्यांच्याच नावावर जमा झाली.

फिलाडेल्फिया

युद्धानंतर नियमित नौदलात बदली मिळावी ही त्यांची विनंती वयाच्या कारणावरून नाकारली गेली. राखीव दलातले स्थान राहिले. हार्वर्डमध्ये त्या संशोधक म्हणून कंत्राटावर थांबल्या, पण तेथे स्त्रीला कायमची जागा मिळण्याची शक्यता नव्हती आणि १९४९ मध्ये हा मार्गही संपला. हा काळ त्यांना जड गेला. या वर्षांत त्या मद्याच्या आहारी गेल्या होत्या, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. त्यांना ओळखणाऱ्या मंडळींनी आणि नव्या कामाने त्यांना सावरले.

ते काम होते फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली या संगणक कंपनीत. एनिॲकचे निर्माते प्रेस्पर एकर्ट आणि जॉन मॉकली तेथे युनिव्हॅक-१ हा संगणक बांधत होते. १९५० मध्ये ही कंपनी रेमिंग्टन रँडने विकत घेतली आणि १९५१ मध्ये पहिला युनिव्हॅक अमेरिकेच्या जनगणना खात्याला देण्यात आला. एनिॲकच्या मूळ प्रोग्रामरपैकी बेटी होल्बर्टन याही येथे होत्या. हाताशी असलेल्या माहितीच्या वर्णनावरून तिचा क्रम लावणारा प्रोग्राम तयार करून देणारा प्रोग्राम होल्बर्टन यांनी लिहिला होता. यंत्राकडून प्रोग्राम लिहवून घेता येतो याचा हा पहिला पुरावा, असे श्रेय हॉपर यांनी त्यांना नेहमी दिले.

याच कंपनीच्या बायनॅक या यंत्राचे अंकगणित आठच्या पायावर चाले. त्याच्यासाठी हॉपर आठच्या पायात बेरीज-वजाबाकी इतक्या सराईतपणे करू लागल्या की त्यांच्या स्वतःच्या बँकखात्याचा हिशेब काही महिने जुळेना. अखेर बँकेत काम करणाऱ्या त्यांच्या भावाने चूक पकडली. धनादेशांच्या वजाबाक्या त्या मधूनमधून आठच्या पायात करत होत्या. माणसाने यंत्राचे अंकगणित शिकण्याऐवजी यंत्राने माणसाचे शिकावे, हा विचार त्यांच्या मनात पक्का होण्यास ही घटना कारणीभूत झाली असे त्या सांगत.

ए-० : संग्रह आणि जोडणी

युनिव्हॅकच्या स्मृतीत १००० शब्द मावत आणि प्रत्येक शब्द १२ अक्षरांचा असे. प्रत्येक सबरुटीन, म्हणजे एका ठरावीक कामाचा आज्ञांचा तुकडा, आपली पहिली आज्ञा शून्य क्रमांकाच्या जागी आहे असे धरून लिहिलेला असे. तो मोठ्या प्रोग्राममध्ये तीनशेव्या जागेपासून बसवायचा, तर त्यातील जागांच्या प्रत्येक पत्त्यात तीनशे मिळवून तो पुन्हा लिहावा लागे. येथे दोन तऱ्हेच्या चुका होत. माणसाला बेरीज बिनचूक करता येत नाही आणि नक्कलही बिनचूक करता येत नाही. हस्ताक्षरातले ४ डेल्टा होऊन बसत, 'बी' या रोमन अक्षराचे १३ होत. संगणकाला मात्र नेमक्या याच दोन गोष्टी उत्तम येतात, हे हॉपर यांच्या ध्यानात आले.

त्यांनी तपासलेली सबरुटीन एका चुंबकीय फितीवर जमवली आणि प्रत्येकीला ओळखीची खूण दिली. प्रोग्रामरने आता फक्त खुणांची यादी लिहायची: अमुक फल, त्याला द्यायची संख्या अमुक ठिकाणी, उत्तर तमुक ठिकाणी. ही यादी वाचून ए-० प्रणाली फितीवरील एकेक तुकडा उचली, एकाखाली एक मांडी, त्यातील पत्ते नव्या जागेनुसार बदली आणि तयार झालेला संपूर्ण प्रोग्राम दुसऱ्या फितीवर लिहून देई. तुकडे गोळा करून एकत्र रचणे या अर्थाने त्यांनी या प्रणालीला कंपायलर हे नाव दिले. हे काम १९५१-५२ मध्ये झाले.

एक अडचण उरली. प्रोग्राममध्ये मागे जाण्याची उडी सोपी असते, कारण मागचा तुकडा कोठे ठेवला हे माहीत असते. पण पुढच्या, अजून न आलेल्या तुकड्यावर उडी मारायची असेल, तर त्याचा पत्ता आधी कसा कळावा? ए-० तर यादी एकदाच वाचत असे. यावरचा तोडगा हॉपर यांना महाविद्यालयात खेळलेल्या बास्केटबॉलवरून सुचला. पुढच्या खेळाडूकडे चेंडू थेट देता येत नसेल, तर तो मध्यस्थाकडे द्यावा आणि त्याने पुढे पोचवावा. स्मृतीच्या टोकाशी त्यांनी थोडी मोकळी जागा राखली. पुढची उडी आली की ती आधी या राखीव जागेत जाई; अपेक्षित तुकडा आल्यावर त्याचा पत्ता तेथे नोंदवला जाई आणि तेथून दुसरी उडी योग्य ठिकाणी पोचे.

आजच्या व्याख्येने ए-० हा पूर्ण कंपायलर नव्हता. बीजगणितातले सूत्र किंवा इंग्रजी वाक्य त्याला समजत नसे. तयार तुकडे शोधून, पत्ते जुळवून जोडण्याचे त्याचे काम आज लिंकर आणि लोडर करतात. सबरुटीनच्या संग्रहाची कल्पनाही एकट्या हॉपर यांची नव्हे. इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी एडसॅक या संगणकासाठी असा संग्रह आधीच उभारला होता आणि त्याविषयी १९५१ मध्ये पुस्तकही प्रसिद्ध केले होते. मँचेस्टरमध्ये ॲलिक ग्लेनी यांचा ऑटोकोड १९५२ चा. तेव्हा पहिला कंपायलर कोणाचा या वादाचा निकाल कंपायलर कशाला म्हणायचे यावर अवलंबून आहे. हॉपर यांचे वेगळेपण असे की संग्रहातून निवडून जोडण्याचे सर्व काम त्यांनी यंत्रावर सोपवले आणि ते विकल्या जाणाऱ्या संगणकावर, सर्वसाधारण ग्राहकांसाठी चालवून दाखवले. आज सी किंवा पायथन भाषेत लिहिणारा विद्यार्थी वर्गमूळ काढण्याची रीत स्वतः लिहीत नाही. भाषेच्या प्रमाण लायब्ररीतून मागवतो. ती लायब्ररी कोणीतरी एकदा लिहून तपासली आहे, हे त्याच्या ध्यानीही नसते.

मे १९५२ मध्ये पिट्सबर्ग येथे संगणकतज्ज्ञांच्या सभेत हॉपर यांनी या कामावर निबंध वाचला. स्वागत थंडे झाले. संगणक फक्त अंकगणित करू शकतो, तो प्रोग्राम लिहू शकत नाही, असे जाणकार त्यांना सांगत. चालू स्थितीतला कंपायलर हाताशी असूनही कोणी त्याला हात लावेना, असे त्या पुढे सांगत. विरोधाचे एक कारण प्रोग्रामरांच्या मनात होते: आपली अवघड विद्या यंत्राच्या हाती गेली तर आपले काय? दुसरे कारण खर्चाचे होते. संगणकाचा वेळ महाग, तो प्रोग्राम लिहिण्यात का घालवावा? हा आक्षेप पोकळ नव्हता. पण संगणक वर्षागणिक स्वस्त होणार आणि माणसाचा वेळ महागणार, हे हॉपर यांनी ओळखले होते.

ए-० नंतर ए-१ आणि १९५३ मध्ये ए-२ तयार झाला. १९५३ च्या अखेरीस ए-२ युनिव्हॅकच्या ग्राहकांना देण्यात आला, तोही त्याच्या सोर्स कोडसह, म्हणजे माणसाने लिहिलेल्या मूळ आज्ञालेखासह. वापरणाऱ्यांनी त्यात सुधारणा कराव्यात आणि त्या परत कळवाव्यात, असे आवाहनही करण्यात आले. मुक्त सोर्स सॉफ्टवेअरच्या इतिहासात या घटनेचा उल्लेख आरंभीचे उदाहरण म्हणून केला जातो. त्यामागे कोणते तत्त्वज्ञान होते असे मात्र नाही. सबरुटीनचा संग्रह अनेकांनी वापरल्याशिवाय आणि दुरुस्त केल्याशिवाय भरवशाचा होत नाही, हा हार्वर्डच्या वह्यांतून आलेला अनुभव होता.

फ्लो-मॅटिक आणि कोबोल

१९५४ मध्ये हॉपर कंपनीच्या स्वयंचलित प्रोग्रामिंग विभागाच्या संचालक झाल्या. गणितज्ञांना चिन्हे आवडतात, पण पगारपत्रके आणि मालाचे साठे सांभाळणाऱ्यांना ती परकी वाटतात, असे त्यांचे निरीक्षण होते. अशा लोकांसाठी साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा देता याव्यात असा प्रस्ताव त्यांनी १९५५ च्या आरंभी मांडला. प्रात्यक्षिकात तोच छोटा प्रोग्राम त्यांनी इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन या तिन्ही भाषांत चालवून दाखवला. यंत्राच्या लेखी शब्द म्हणजे अक्षरांच्या खुणा. त्या कोणत्या भाषेच्या आहेत याने फरक पडत नाही, हे त्यांना दाखवायचे होते. व्यवस्थापक उलट घाबरले. फिलाडेल्फियात बांधलेल्या अमेरिकन संगणकाला फ्रेंच आणि जर्मन समजावे, हे त्यांना रुचले नाही आणि फक्त इंग्रजीच वापरू असे आश्वासन हॉपर यांना द्यावे लागले. या तिन्ही भाषांत आज्ञार्थी वाक्य क्रियापदाने सुरू होते, ही त्यांच्या रचनेला सोयीची गोष्ट होती. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या मराठीसारख्या भाषेसाठी वाक्यरचनेचा वेगळा विचार करावा लागला असता.

या प्रयत्नातून फ्लो-मॅटिक ही भाषा तयार झाली. माहितीचे वर्णन आणि त्या माहितीवर करायची क्रिया या दोन गोष्टी तिने वेगळ्या ठेवल्या.

दरम्यान प्रत्येक कंपनी आपापल्या यंत्राची वेगळी भाषा काढू लागली होती. यंत्र बदलले की सगळे प्रोग्राम पुन्हा लिहावे लागत. एप्रिल १९५९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बरोज कंपनीच्या मेरी हॉज यांच्या पुढाकाराने एक छोटी बैठक झाली. तिला हॉपर उपस्थित होत्या. मे अखेरीस संरक्षण खात्याने पेंटॅगॉनमध्ये मोठी सभा बोलावली आणि तिच्यातून स्थापन झालेल्या समितीने कोबोल ही भाषा आखली. हॉपर यांना कोबोलची जननी म्हटले जाते, पण हे विशेषण जपून वापरावे लागते. भाषेचा तपशील ठरवणाऱ्या उपसमितीत त्या नव्हत्या. तेथे जीन सॅमेट, गर्ट्रूड टियर्नी, हॉवर्ड ब्रॉम्बर्ग आदी मंडळींनी काम केले. हॉपर वरिष्ठ समितीच्या तांत्रिक सल्लागार होत्या. तथापि कोबोलवर सर्वाधिक छाप फ्लो-मॅटिकची आहे, याबद्दल दुमत नाही. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम आरसीए आणि रेमिंग्टन रँड या दोन वेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवण्यात आला.

बँका, विमा कंपन्या व सरकारी खात्यांत कोबोल दीर्घकाळ टिकली. विसाव्या शतकाच्या अखेरीस वर्षाचे दोनच अंक साठवणाऱ्या जुन्या प्रोग्रामांची दुरुस्ती निघाली, तेव्हा मुंबई-पुण्यातील सॉफ्टवेअर कंपन्यांनाही त्यात मोठे काम मिळाले आणि मराठी तरुणांच्या एका पिढीने कोबोल शिकून परदेशाची वाट धरली.

पुन्हा नौदलात

१९६६ च्या अखेरीस, साठाव्या वर्षी, कमांडर या हुद्द्यावर असताना हॉपर यांना राखीव दलातून निवृत्त करण्यात आले. निवृत्ती सात महिने टिकली. नौदलातील कोबोलचा गोंधळ आवरण्यासाठी ऑगस्ट १९६७ मध्ये त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावले गेले आणि ती मुदत पुढे वाढतच गेली. कोबोल एकच असली तरी प्रत्येक निर्मात्याचा कंपायलर तिचा थोडा वेगळा अर्थ लावी. कंपायलर प्रमाण भाषेबरहुकूम चालतो की नाही हे तपासणारे चाचणी-प्रोग्राम त्यांच्या गटाने लिहिले. १९६८ मध्ये कोबोलचे पहिले अमेरिकन राष्ट्रीय प्रमाण प्रसिद्ध झाले आणि नौदलाच्या या चाचण्यांचा पुढे संपूर्ण संघराज्य सरकारच्या खरेदीत उपयोग झाला. हे काम भाषा निर्माण करण्याइतके प्रसिद्धी मिळवणारे नव्हते, पण कोबोलमधील प्रोग्राम एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेता येणे बव्हंशी त्याच्यावर अवलंबून होते.

१९७३ मध्ये त्या कॅप्टन, १९८३ मध्ये कमोडोर आणि १९८५ मध्ये त्या हुद्द्याचे नाव बदलल्यावर रिअर ॲडमिरल झाल्या. या वर्षांत त्यांनी देशभर व्याख्याने दिली. सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे त्या श्रोत्यांना वाटत. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढेच अंतर कापू शकते, हे डोळ्यांना दिसावे म्हणून. मायक्रोसेकंद दाखवायला त्या जवळजवळ ३०० मीटर तारेचे वेटोळे आणत. त्यांच्या कार्यालयातील भिंतीवरचे घड्याळ उलटे फिरत असे आणि वेळ मात्र बरोबर दाखवत असे.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी बॉस्टन बंदरात 'कॉन्स्टिट्यूशन' या जुन्या युद्धनौकेवर त्यांचा निवृत्तिसमारंभ झाला. तेव्हा ७९ वर्षांच्या हॉपर नौदलातील सर्वांत वयस्कर कार्यरत अधिकारी होत्या. त्यानंतर डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या सल्लागार म्हणून त्या मृत्यूपर्यंत काम करत होत्या. १ जानेवारी १९९२ रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने त्यांचा दफनविधी झाला.

सन्मान

१९६९ मध्ये माहिती-प्रक्रिया क्षेत्रातील व्यवस्थापकांच्या संघटनेने 'मॅन ऑफ द इयर' हा पुरस्कार प्रथमच दिला, तो हॉपर यांना. पुरस्काराचे नाव ठेवताना स्त्रीचा विचार कोणाच्या मनात आला नव्हता हे उघड आहे. १९७३ मध्ये ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटीने त्यांना विशेष सन्मान्य सदस्यत्व दिले. १९९१ मध्ये त्यांना राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले आणि २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या हस्ते मरणोत्तर स्वातंत्र्यपदक देण्यात आले. अमेरिकी नौदलाची 'हॉपर' ही विनाशिका १९९७ पासून सेवेत आहे. येल विद्यापीठाने २०१७ मध्ये आपल्या कॅल्हून महाविद्यालयाचे नाव बदलून ग्रेस हॉपर महाविद्यालय असे ठेवले. गुलामगिरीचे समर्थक असलेल्या जॉन कॅल्हून यांचे नाव काढावे, यासाठी तेथे दीर्घकाळ मागणी होत होती.